विषय: पाण्याचे मेल वेगळे काढायचे का? पावसाआधी ठरवू

मंडळी,
परवाच्या बैठकीत हा मुद्दा राहून गेला. काल एका दिवसात आपल्या सांगलीकरांच्या ग्रुपवर ११२ मेल आले. वर्गणी, ढोल कुणाच्या गॅरेजमध्ये ठेवायचा, भडंग कोण आणणार... आणि त्यातच कोयना धरणातून नदीत पाणी सोडल्याचा एक. तो मला रात्री जेवताना दिसला. माझे आई-बाबा पूर येतो त्या टिळक चौकाजवळच राहतात, त्यामुळे मला हे चालत नाही. तीन ग्रुप करू: पाणी, घरच्यांची मदत आणि बाकी सगळं.
— गावभाग, सांगली; सध्या लीड्स

दादा,
तीन नकोत. पत्त्यांची यादी मी सांभाळते. कुणाचा मेल बदलला की आत्ता एका जागी दुरुस्त करते, मग तीन जागी करावा लागेल. आणि मागच्या वर्षी नाटकाचा ग्रुप वेगळा काढला होता, आठवतंय ना? शेवटी तिथे चारजण उरले आणि प्रयोगाची तारीख निम्म्या मंडळाला कळलीच नाही.
— विश्रामबागच्या काकू

काकू, नाटक आणि पूर एका मापाने मोजू नका.
२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मी सॅन होजेत होतो. शेजारच्या मुलाने सांगलीतून सकाळी सहाला माझ्या बाबांबद्दल ग्रुपवर मेल टाकला: "काका माडीवर आहेत, इन्सुलिन खाली फ्रीजमध्ये राहिलंय, जिन्याच्या सहा पायऱ्या पाण्यात." तेव्हा इथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच. त्याच्या वर-खाली उकडीच्या मोदकांची चर्चा चालली होती, पिठी नवीन तांदळाची की जुन्या. मी तो मेल दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वाचला. साडेतेरा तास गेले होते. वेगळा ग्रुप हवाच.
— खणभाग

हे सगळं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे. ५१९.६० मीटरला पाणी अडवतात, आता ५२४ च्या वर न्यायचं म्हणतात. मंडळाने निवेदन द्यायला हवं.
— माधवनगर

अलमट्टीवर गेल्या जुलैत साठ मेल झाले. धरणाच्या पाण्याचा फुगवटा सांगलीपर्यंत येतो की नाही यावर आपल्यातल्या दोन इंजिनिअरांचंही जमलं नाही. निवेदनासाठी वेगळा मेल काढा, इथे नको.
— विश्रामबागच्या काकू

खणभागच्या दादांनी निम्मंच सांगितलं, उरलेलं मी सांगते. तो मेल त्यांच्या आधी मी वाचला, कारण मोदकांच्या चर्चेत मीच होते. माझा भाऊ मिरजेला असतो. त्याने औषधाच्या दुकानातून इन्सुलिन घेतलं, थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात ठेवलं आणि बोटवाल्या पोरांच्या हाती माडीवर पोचवलं. 'पाणी' नावाचा वेगळा ग्रुप असता तर मी त्यात नसते. माझं माहेर मिरजेत उंचावर, मी कशाला नाव घातलं असतं? पूर ज्यांच्या दारात येत नाही त्यांनाही कळायला हवं. मदत तेच करू शकतात.
— मिरजेच्या वहिनी, डब्लिन

वहिनी, हे मला ठाऊकच नव्हतं. बाबांनी फक्त "मिरजेचा एक मुलगा" म्हणून सांगितलं होतं. भावाचा नंबर मला पाठवा.
— खणभाग

पिठी जुन्या तांदळाची, आंबेमोहोर.
— माई

बरं, मग मी बदलतो. दोनच ग्रुप. पाण्याच्या ग्रुपात काकूंनी सगळ्यांना आधीच घालावं, ज्याला नको त्याने बाहेर पडावं. लिहायचं फक्त दोघांनी: एक सांगलीत असलेला आणि रात्रीच्या वेळेला एक अमेरिकेतला. आयर्विनची पातळी रोज एकदा. ४० फूट, म्हणजे इशारा पातळी ओलांडली की दर तीन तासांनी, ४५ ची धोका पातळी गेली की दर तासाला. "बोट हवी", "औषध हवं" हे मात्र जुन्याच ग्रुपवर, विषयात आधी 'मदत' लिहून.
— गावभाग

हे जमेल. पण 'मदत' दिसलं की त्याखाली "काळजी घ्या" लिहायचं नाही. अशा चाळीस उत्तरांखाली घराचा पत्ता दडतो. ज्याच्याकडे माणूस, गाडी किंवा औषध आहे त्यानेच उत्तर द्यावं. यादी रविवारपर्यंत करते. सांगलीतून पातळी कोण कळवणार? माझे दीर रोज सकाळी पुलावर फिरायला जातात, पण त्यांना मेल लिहिता येत नाही, फोनवर सांगतील.
— विश्रामबागच्या काकू

मला फोन करायला सांगा. तेव्हा इथे पहाटेचे दोन असले तरी चालेल, मी टाइप करतो.
— गावभाग