गाणं ऐकताना डोक्यात काय चालतं? पुस्तक सुचवा (आणि मला वाचवा)

हौशी_षड्ज
नमस्कार मंडळी. सहा वर्षं गाणं शिकतोय, दर गुरुवारी क्लास आणि बाकीचे दिवस आयटीतली हमाली. ऑफिसात मॉडेल हा शब्द दिवसातून पन्नासदा कानावर पडतो, त्यामुळे एकदा रियाज करता करता डोक्यात आलं की ऐकणाऱ्याच्या मेंदूचं असं मॉडेल कुणी केलंय का, म्हणजे पुढचा स्वर कुठला येणार हे आपल्याला आधीच कसं कळतं वगैरे. शोधाशोध केली तर सगळीकडे एकच नाव, लर्डाल आणि जॅकेन्डॉफचं 'अ जनरेटिव्ह थिअरी ऑफ टोनल म्युझिक', १९८३ चं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं म्हणून उत्साहात घेतलं. पहिली काही पानं झकास गेली, मग स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) सुरू झालं आणि त्याच्या डोक्यावर फांद्या पसरलेल्या झाडांसारख्या आकृत्या. मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरुवात यूट्यूबवर लावून बोट ठेवून ठेवून वाचली, बायको म्हणाली सीएची परीक्षा देतोयस का. आता पुस्तक टीव्हीखाली आहे, टीव्ही लेव्हलला आलाय.
तर जाणकारांनी सांगावं, सुरुवात चुकीच्या ठिकाणाहून केली का? आणि आपल्या रागसंगीताला यातलं काही लागू पडतं का, की आपण आपले नुसते वाह वाह करत बसायचं?

नीरजा_लीड्स
सुरुवात चुकलीच :) ते पुस्तक तिसरं-चौथं वाचायचं आहे.
थोडी पार्श्वभूमी सांगते म्हणजे राग जाईल. १९७३ साली संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइनने हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली की भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने भाषेचं केलं तसं संगीताचं व्याकरण मांडता येईल, त्यावरून ही जोडी कामाला लागली, एक कंपोझर आणि एक भाषाशास्त्रज्ञ. पण गंमत बघा, भाषेच्या व्याकरणात वाक्य बरोबर तरी असतं नाहीतर चूक. संगीतात तसं होत नाही, तीच ओळ दोन प्रकारे ऐकता येते. म्हणून त्यांनी दोन जातींचे नियम केले, काही सक्तीचे आणि बाकी नुसते कल सांगणारे, म्हणजे दोन अर्थ शक्य असतील तर कान कुठल्या बाजूला झुकेल एवढंच. माझ्या मते पुस्तकाचा सगळा जीव या कलाच्या नियमांत आहे, झाडं नंतर बघितली तरी चालतील. आणि हे मॉडेल मोझार्टच्या डोक्याचं नाहीच, मुरलेल्या श्रोत्याच्या डोक्याचं आहे, तेही पूर्ण रचना ऐकून झाल्यावरच्या. तुम्ही जे विचारताय, पुढचा स्वर आधीच कसा कळतो, त्याचं उत्तर तिथे शोधूच नका.
त्यासाठी डेव्हिड ह्युरनचं 'स्वीट अँटिसिपेशन' घ्या, २००६ चं. वाचायला सोपं, थोडं पाल्हाळ आहे पण चालतं. नंतर कॅरल क्रमहान्सलचं १९९० चं 'कॉग्निटिव्ह फाउंडेशन्स ऑफ म्युझिकल पिच'. तिची पद्धत इतकी साधी आहे की घरी करून बघता येते: आधी थोडं गाणं वाजवायचं, मग एकच सुटा स्वर, आणि ऐकणाऱ्याने एक ते सातमध्ये मार्क द्यायचे, हा स्वर इथे कितपत बसतो. बास. बारा स्वरांचे मार्क मांडले की त्या माणसाच्या डोक्यातला नकाशा समोर.
आणि हो, आपल्यालाही लागू पडतं. १९८४ मध्ये कॅस्टेलानो, भरूचा आणि क्रमहान्सल यांनी हाच प्रयोग दहा रागांवर केला, भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही श्रोते घेऊन. जो स्वर जास्त वेळ वाजला त्याला दोन्ही गटांनी जास्त मार्क दिले, म्हणजे राग आयुष्यात न ऐकलेला माणूससुद्धा सा आणि प पकडतो. पण त्यामागचा थाट (ज्या स्वरसंचात राग बसवतात तो) मात्र फक्त भारतीय श्रोत्यांच्या मार्कांत उमटला.

तात्या_मिरजकर
नीरजाताई, माहिती उत्तम. पण थाट डोक्यात उमटला हे वाचून हसू आलं. अहो ते दहा थाट पंडित भातखंड्यांनी मांडले, गाणारे कित्येक लोक आजही म्हणतात की थाट पुस्तकात असतो, गळ्यात नसतो.
धागाकर्ते, तुम्ही मराठी माणूस असून टीव्हीखाली इंग्रजी पुस्तक घातलंत हे बरंच केलंत. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग मुळात मराठीत आहेत, १९१० ते १९३२, शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो अशा थाटात (या थाटाचा त्या थाटाशी संबंध नाही). आणि मोजमापाचं कौतुक आम्हालाही नवं नाही, सांगलीच्या देवलांनी १९१० सालीच बावीस श्रुतींवर (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर) पुस्तक काढलं होतं, गळ्यातला स्वर तारेवर मोजून.
आता माझा प्रश्न. भूप आणि देशकार हे राग, दोन्हीत सा रे ग प ध, एक स्वर इकडचा तिकडे नाही. मारवा, पूरिया, सोहनी घ्या, पुन्हा तेच. तुमचं मॉडेल यांना वेगळं कसं काढणार? आमच्याकडचा दहा वर्षांचा पोरगा काढतो.

नीरजा_लीड्स
तात्या, मुद्दा रास्त आहे आणि त्यावर बरंच काम झालंय. नुसते स्वर कुठले लागले एवढंच बघितलं तर मॉडेल आपटतं. कुठला स्वर किती वेळ लागला हे मोजलं की भूपात ग वजनदार निघतो आणि देशकारात ध, म्हणजे वादी (रागातला सगळ्यात महत्त्वाचा) स्वर आकड्यांतून आपोआप वर येतो. त्याहून पुढे म्हणजे स्वरांच्या जोड्या मोजायच्या, कशानंतर काय आलं, संशोधक पराग चोरडिया यांनी तसं करून रागओळख करून दाखवली. बार्सिलोनात झेवियर सेरा यांचा अशाच कामाचा एक मोठा प्रकल्प २०११ पासून बरीच वर्षं चालला, आयआयटी मुंबईची मंडळी त्यात होती. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), कण (शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श), स्वर कुठून उचलला आणि कसा सोडला, तिथे मात्र स्वराला एक ठिपका मानणारं कुठलंही मॉडेल अडखळतं. पियानोवर वाढलेली थिअरी आहे हो, पट्टीच्या मधल्या जागा तिला दिसतच नाहीत.
तुमचा दहा वर्षांचा पोरगा काढतो हे खरंय, पण कसा काढतो हे तो सांगू शकतो का? पुस्तकं तेवढ्यासाठीच आहेत.

तिरकिट
सगळे स्वरांवरच बोलताय, तालाचं काय? मी तबला वाजवतो म्हणून बोलतोय असं नाही (तसंच आहे).
मार्टिन क्लेटनचं 'टाइम इन इंडियन म्युझिक' वाचा, २००० चं. त्यातला मला आवडलेला प्रश्न असा की विलंबित म्हणजे संथ एकतालात मात्राच (तालाचा एक ठोका) चार-चार सेकंदांची झाली तर बारा मात्रांचं आवर्तन पाऊण मिनिटाच्या पुढे जातं. माणसाचा 'आत्ता' काही सेकंदांचाच असतो, मग सम (आवर्तनाची पहिली मात्रा) मनात धरून कशी ठेवतो आपण? उत्तर ठेक्यात (तालाच्या ठरलेल्या बोलांत) आहे, बोल म्हणजे रस्त्यावरचे मैलाचे दगड, मात्रा मोजायची गरजच पडत नाही.
पण दगड फसवतातसुद्धा. धिं धिं धागे तिरकिट तू ना, क त्ता धागे तिरकिट धी ना. तिरकिट चौथ्या मात्रेलाही आणि दहाव्यालाही. एका बैठकीत गाणारीने चौथीचा तिरकिट दहावीचा समजून मुखडा (समेवर नेणारी गाण्याची ओळ) उचलला आणि मी तू ना संपवून सातव्यावर क वाजवतोय तर ती समेवर जाऊन बसली. माझ्याकडे असं बघितलं की जसं मीच तिची सम खाल्ली. पुढचं अख्खं आवर्तन दोघंही एकमेकांना माफ करत होतो. माझं म्हणणं, मेंदूचं मॉडेल बरोबर आहे का हे बघायचं तर माणूस जिथे चुकतो तिथेच ते चुकायला पाहिजे. जे मॉडेल चौथीला कधीच फसत नाही ते घड्याळ आहे.
तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) पण घ्या. पहिल्या दोन पल्ल्यांत श्रोत्याला हिशोब कळलेला असतो, तिसऱ्याला हात आधीच वर गेलेला असतो, ह्युरनचं सगळं पुस्तक त्या हातात आहे.
आणि हो, जेम्स किपनचं लखनौच्या तबल्यावरचं पुस्तक (१९८८) चुकवू नका. तो उस्ताद अफाक हुसेन खाँसाहेबांकडे शिकला आणि बर्नार्ड बेलबरोबर कायद्याचं (तबल्यातली रचना, तिच्यात फेरफार केले की पलटे होतात) व्याकरण कॉम्प्युटरमध्ये घातलं. मशीन नवीन पलटे काढणार, उस्ताद ऐकून सांगणार चालेल की नाही, नाही म्हणाले की व्याकरण दुरुस्त. उस्तादांनाच परीक्षक केलं, हे मला फार पटलं.

हौशी_षड्ज
सगळ्यांचे आभार. नीरजाताईंचा प्रयोग काल घरी केला. तानपुऱ्याचं ॲप लावलं, भूपाचे आरोह-अवरोह आणि पकड (रागाची ओळख पटवणारे ठरावीक स्वर) पेटीवर वाजवली, मग एकेक सुटा स्वर. गिऱ्हाइकं दोन, आई (कधी शिकली नाही, पण कीर्तन, भजन आणि रेडिओवर जन्म गेलाय) आणि मेहुणा (जिममधली गाणी).
मेहुण्याने सा ला सात, प ला सहा, ग ला पण सहा दिले, बाकी सगळ्याला चार. मोबाईल बघत बघत. म्हणजे १९८४ चा पाश्चात्त्य श्रोता कोथरूडमध्ये सापडला.
आईला कोमल रे वाजवला तर म्हणाली एक, तोही तू मुलगा आहेस म्हणून. तीव्र म ला तीन. शुद्ध नी ला मात्र अडकली, दोनदा वाजवायला लावला. मग म्हणाली, "हा चालेल रे, पण मग ते हे राहणार नाही, दुसरंच काहीतरी होईल." किती मार्क विचारलं तर म्हणे आधी ठरव तू काय वाजवतोयस.

तात्या_मिरजकर
अहो तुमच्या मातोश्रींनी शुद्ध कल्याण ओळखला की. वर जाताना भूप, खाली येताना मींडेतून नी आणि तीव्र म. नाव माहीत नसेल, पण वाट माहीत आहे त्यांना. त्यांना माझा नमस्कार सांगा.
नीरजाताई, एक ते सातमध्ये हे उत्तर कुठे लिहायचं?

नीरजा_लीड्स
कुठेच नाही :) मार्कांचा रकाना एकच असतो आणि तुमच्या आईंचं उत्तर दोन रागांतलं आहे. हौशी, त्यांनाच परत बसवा, या वेळी शुद्ध कल्याण आधी वाजवा आणि मग तोच नी. आणि ते पुस्तक टीव्हीखालून काढा, कलाच्या नियमांपुरतं तरी.

हौशी_षड्ज
काढतो, पण टीव्ही पुन्हा कलेल.