आरावाक लोक देवीच्या साथीने संपले का? आणि विषारी कसावाची भाकरी कशी करायचे?

शोधयात्री:
कॅरिबियन बेटांवर मराठीत एक सविस्तर लेख तयार होतोय, त्यासाठी तीन शंका आहेत.
१) आरावाक आणि तायनो एकच का?
२) बहुतेक ठिकाणी एकच वाक्य वाचायला मिळतं: कोलंबस आला, देवीची साथ आली, पन्नास वर्षांत सगळे संपले. हे कितपत खरं?
३) त्यांचं मुख्य अन्न कडू कसावा (साबुदाणा होतो त्या कंदाची कडू जात), आणि तो तर विषारी. मग रोज खायचे कसा? सगळीकडे नुसतं 'प्रक्रिया करून' एवढंच लिहिलेलं असतं.

वेलदोडा:
पहिल्याचं उत्तर देतो. 'आरावाक' हे नाव मुळात दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या लोकांचं. आजचे गयाना, सुरिनाम आणि फ्रेंच गयाना इथे ते आजही राहतात आणि स्वतःला 'लोकोनो' म्हणवतात. लोकोनो म्हणजे माणसं. त्यांच्या भाषेशी नातं असलेल्या मोठ्या भाषाकुळालाही पुढे आरावाक हेच नाव पडलं. याच कुळातली भाषा बोलणारे लोक इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास ओरिनोको नदीच्या बाजूने होड्यांतून बेटांवर सरकत गेले. क्युबा, हिस्पॅनिओला (आजचे हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक), प्वेर्तो रिको, जमैका या मोठ्या बेटांवरचे त्यांचे वंशज ते तायनो आणि बहामाजमधले लुकायो. १२ ऑक्टोबर १४९२ ला कोलंबसला पहिल्यांदा भेटले ते लुकायो. लेखात बेटांवरच्या लोकांना तायनो म्हणा आणि आरावाक हा शब्द भाषाकुळासाठी ठेवा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

सुगरण_कोकण:
तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. क्रमाने सांगते.

कडू कसावाच्या एका किलो ताज्या कंदात १०० मिलिग्रॅमहून जास्त सायनाइड सुटू शकतं. ते कंदात मोकळं नसतं, लिनामरिन नावाच्या संयुगात बांधलेलं असतं. त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) त्याच कंदात, पण पेशीच्या वेगळ्या भागात असतं. कंद किसला की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. ते २६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उष्णता मिळाली की उडून जातं. तायनोंची पूर्ण पद्धत या दोन गोष्टींवर उभी आहे.

साल काढायची आणि दगडाच्या बारीक कपच्या बसवलेल्या फळीवर कंद किसायचा. ही किसणी म्हणजे 'ग्वायो'. कीस जितका बारीक, तितकं विष जास्त सुटतं. जाड राहिला तर पेशी फुटत नाहीत आणि पुढचं सगळं वाया.

मग कीस विणलेल्या लांब नळीत ठासून भरायचा. तायनो तिला सिबुकान म्हणत, गयानात आज मातापी म्हणतात. नळी तिरप्या विणीची असते. भरताना दाबून आखूड आणि फुगीर करायची, वरची कडी आढ्याला अडकवायची, खालच्या कडीतून दांडा घालून त्यावर एकीने बसायचं. ताणली की नळी लांबते, अरुंद होते आणि रस चहूबाजूंनी पाझरतो. कापडात हाताने पिळून इतका दाब येत नाही.

आतला ओलसर गोळा बाहेर काढून चाळायचा. पाणी अजिबात घालायचं नाही. तो भुगा 'बुरेन' या मातीच्या तव्यावर बोटभराहून कमी जाडीचा पसरायचा. खानदेशातलं मांड्यांचं खापर पालथं, फुगीर असतं, हा तवा मात्र सपाट. पिठातल्याच ओलाव्याची वाफ होऊन स्टार्च चिकटतो आणि भाकरी धरते. कडा सुटली की उलटायची आणि नंतर उन्हात कडक वाळवायची. हीच 'कासाबे'. कोरडी राहिली तर कित्येक महिने टिकते.

चुकतं ते बहुधा पिळण्यात. कीस ओला राहिला तर मधोमध लगदा राहतो, बुरशी धरते आणि विषही उरतं. फार कोरडा झाला तर भाकरीचे तुकडे पडतात.

शोधयात्री:
@सुगरण_कोकण, एवढा खटाटोप का? कंदाचे तुकडे करून रताळ्यासारखे उकडले तर चालणार नाही का? आणि पिळलेला रस फेकून द्यायचे?

सुगरण_कोकण:
गोड जातीला चालतं, तिच्यात विष फार कमी. कडू जातीचे मोठे तुकडे उकळत्या पाण्यात टाकले तर विकर उष्णतेने निकामी होतं आणि लिनामरिन तसंच शाबूत राहतं. मग ते पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू फोडतात. म्हणून आधी किसणं, मग उष्णता. हा क्रम उलटला की धोका.

रस फेकत नाहीत. तो स्थिर ठेवला की तळाशी पांढरा साका बसतो, तो स्टार्च. वरचा रस खूप वेळ उकळून दाट, काळा करतात. गयानात त्याला कॅसरीप म्हणतात आणि मांसाच्या रश्श्यात घालतात. आपला साबुदाणा त्याच पांढऱ्या साक्यापासून होतो, मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या भागात. तिथे साका मुख्य आणि चोथा जनावरांना. तायनोंकडे चोथ्याचीच भाकरी. 'कसावा' हे नावसुद्धा त्या भाकरीवरून झाडाला पडलं. झाडाला ते 'युका' म्हणत.

गलबतवाला:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच भाकरीत आहे, म्हणून वरची चर्चा नीट वाचा.

कसावा 'कोनुको' नावाच्या शेतात, गुडघाभर उंच मातीच्या ढिगांवर लावत. उसासारखं खोडाचं बेणं खोचायचं, दहा-बारा महिन्यांनी कंद काढायचा. काढलेला कंद दोन-तीन दिवसांत नासतो, पण जमिनीत वर्ष-दोन वर्षं राहतो. म्हणजे कोठार जमिनीतच. त्या जागेवर कुणी माणूस उरला नाही की कोठार गेलं.

कोलंबसाने १४९२ मध्ये बेटांवर ससाण्याच्या पायात बांधायची छोटी घुंगरं भेट म्हणून वाटली. लोकांना ती फार आवडली. १४९५ मध्ये हिस्पॅनिओलावर खंडणी बसली: सोन्याच्या प्रदेशातल्या १४ वर्षांवरच्या प्रत्येकाने दर ३ महिन्यांनी तेच घुंगरू सोन्याच्या कणांनी भरून द्यायचं. सोनं नसलेल्या भागात एक आरोबा, म्हणजे साधारण साडेअकरा किलो कापूस. दिलेल्याच्या गळ्यात धातूचा बिल्ला. सोनं नदीच्या वाळूत, तेही थोडं. माणसं वाळू चाळत राहिली आणि लागवड मागे पडली. त्यात १४९३ च्या दुसऱ्या सफरीत आलेली डुकरं आणि गुरं कुंपण नसलेल्या शेतांत शिरली. उपासमार तेव्हाच सुरू झाली.

१५०३ नंतर एन्कोमिएन्दा आली. माणसं स्पॅनिश मालकांना वाटून दिली आणि खाणीवर आधी ६, मग ८ महिने सलग काम. आठ महिने शेतापासून लांब राहिलेल्या माणसाच्या पुढच्या वर्षीच्या भाकरीचं काय, याचा हिशेब तुम्हीच करा.

स्पेनने या बेटांसाठी केलेले १५१२ चे बुर्गोसचे कायदे तर डोळे उघडतात. दर ५० माणसांसाठी ३० बाय १५ फुटांच्या ४ झोपड्या आणि ५,००० ढीग लावायचे, त्यातले ३,००० कसावाचे आणि २,००० इतर कंदांचे. शिवाय माणसं परत जाऊ नयेत म्हणून त्यांच्या जुन्या वस्त्या जाळायच्या. सोन्याच्या कामावर ५ महिने, मग ४० दिवस सुट्टी, आणि त्या सुट्टीत स्वतःच्या अन्नाचे ढीग लावायचे.

आता तारखा बघा. १५०८ मध्ये हिस्पॅनिओलावर सुमारे ६० हजार लोक मोजले, असा आकडा दिला जातो. १५१४ मध्ये मालकांना माणसं पुन्हा वाटली, तेव्हा सुमारे २६ हजार उरले. देवी आली १५१८ च्या अखेरीस. निम्म्याहून जास्त माणसं देवीच्या आधीच गेली होती. आधीही तापाच्या साथी होत्या, त्या नाकारत नाही, पण उपाशी आणि थकलेल्या शरीराला साथ जास्त मारते. 'देवीने मारलं' म्हटलं की खंडणी आणि खाण दोन्ही सुटतात. कृपया लेखात ते वाक्य घालू नका.

वेलदोडा:
@गलबतवाला यांच्याशी सहमत, फक्त मूळ लोकसंख्येबद्दल जपून. अंदाज १ लाखापासून काही दशलक्षांपर्यंत जातात. २०२० च्या प्राचीन डीएनए अभ्यासाने हिस्पॅनिओला आणि प्वेर्तो रिको मिळून १० ते ५० हजार असा फारच कमी आकडा काढला, आणि तो १५०८ च्या मोजणीशीही जुळत नाही. म्हणून एकच आकडा छापू नका, १५०८ ते १५१४ ची घसरण सांगा.

'नामशेष' हा शब्दही काढा. एन्रिकिल्यो या तायनो सरदाराने १५१९ ते १५३३ हिस्पॅनिओलातल्या बाओरुकोच्या डोंगरांत लढा दिला. शेतं विखरून, लपवून ठेवली आणि शेवटी स्पेनला तह करावा लागला. प्वेर्तो रिकोत आईकडून मुलांत जाणारा डीएनए तपासला तेव्हा सुमारे ६१ टक्के लोकांत तो मूळ अमेरिकी निघाला. सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या गारिफुना लोकांना (मूळ बेटवासी आणि आफ्रिकी लोकांचे मिश्र वंशज) ब्रिटिशांनी १७९७ मध्ये होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर हद्दपार केलं. त्यांची भाषा आरावाक कुळातली आणि ती आजही बोलली जाते.

शोधयात्री:
खूप आभार. शीर्षक बदलतो आणि 'नामशेष' काढतो. अजून एक: 'बटाटा' हा शब्दही तायनोच ना?

सुगरण_कोकण:
हो. तायनो 'बताता' म्हणजे रताळं. पोर्तुगीजांमार्फत तो शब्द आपल्याकडे आला आणि दुसऱ्याच कंदाला चिकटला. आणि लेखात कासाबेच्या २०२४ च्या नोंदीचाही उल्लेख करा. क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक, हैती, होंडुरास आणि व्हेनेझुएला यांनी मिळून ही भाकरी युनेस्कोच्या वारसा यादीत आणली. किसणी, पिळण्याची नळी आणि तवा हा क्रम तिथे अजून चालू आहे.