आखडलेला खांदा जोराने ओढू नये
आईंचा खांदा दुखतो म्हणून त्यांना रोज जोर लावून हात वर ओढायला सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. तत्पूर्वी एक गोष्ट फिजिओथेरपिस्टकडून पाहून घ्यावी. कोपर कमरेशी टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवताना, दुसऱ्याने अलगद वळवला तरीही तो अडत असेल, तर सांध्याचे आवरण आखडल्याची, म्हणजे फ्रोझन शोल्डरची, शक्यता अधिक असते. पण स्वतःला न उचलता येणारा हात दुसऱ्याने उचलल्यावर सहज वर जात असेल, तर दुखणे बहुधा स्नायूंचे असते. फ्रोझन शोल्डरमध्ये, विशेषतः त्या कुशीवर झोपू न देणारी ठणक असताना, जोराने ताणल्यास दुखणे उलट वाढते. तेव्हा शेक घ्यावा आणि टेबलाचा आधार घेऊन, ओणवे होऊन सैल हात हलकेच झुलवावा, एवढे पुरे. मधुमेहींमध्ये हा आजार बराच अधिक आढळतो, त्यामुळे आईंची साखरही एकदा तपासावी.