कॉलेजच्या कुस्ती संघात ट्रान्सफर आला की आधीच्या मुलांचं काय होतं?

१३३चे बाबा:

नमस्कार मंडळी. आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. मुलगा हायस्कूलच्या ज्युनियर वर्षात आहे आणि १३३ पाउंडात लढतो. सध्या दोन कॉलेजांचे कोच त्याच्याशी बोलत आहेत. एक नावाजलेला डिव्हिजन वनचा, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या स्तराचा, संघ आहे. दुसरा लहान, पण तोही डिव्हिजन वनच. मोठ्या संघात गेल्या दोन वर्षांत बरेच पैलवान दुसऱ्या कॉलेजांतून आले. मुलगा म्हणतो, चांगल्यांबरोबर सराव केला तर मीही चांगला होईन. मला वाटतं, हा तीन वर्षं घाम गाळणार आणि ऐन पाळीच्या वेळी पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, कुणीतरी येऊन त्याची जागा घेणार.

नियमही दरवर्षी बदलतात, मला त्यांचा मेळ लागत नाही. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगा. ट्रान्सफरमुळे संघाचं भलं होतं की वाटोळं?

मॅटसाइड:

आधी नियमांचं सांगतो. ट्रान्सफर पोर्टल ऑक्टोबर २०१८मध्ये सुरू झालं. कुस्तीत त्याआधीही एकदा कॉलेज बदलून लगेच लढता येत असे, पण जुन्या कॉलेजची हरकत नसावी लागे. २०२१मध्ये ती अट गेली, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता यायला लागले. एप्रिल २०२४पासून अभ्यासात पात्र असलेला मुलगा कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो.

परिणाम बघायचा तर २०२५ची फिलाडेल्फियातली राष्ट्रीय स्पर्धा आठवा. १६५चा विजेता मेसेनब्रिंक कॅलिफोर्निया बॅप्टिस्टहून पेन स्टेटला आलेला. १७४चा हमिती विस्कॉन्सिनहून ओक्लाहोमा स्टेटला. १९७चा बुकॅनन वायोमिंग, मग ओक्लाहोमा, मग आयोवा असं तिसरं कॉलेज. २८५मध्ये ऑलिम्पिक विजेत्या गेबल स्टीव्हसनला ५-४ असं हरवणारा हेन्ड्रिक्सन एअर फोर्सहून ओक्लाहोमा स्टेटला आलेला. म्हणजे दहापैकी चार विजेते ट्रान्सफर. विजेता नुसत्या क्रमांकाचे १६ गुण आणतो, फेऱ्या जिंकल्याचे आणि चितपटीचे वेगळे. डेव्हिड टेलरला ओक्लाहोमा स्टेटचा कोच म्हणून पहिल्याच वर्षी संघ तिसरा आणता आला, त्यात हमिती आणि हेन्ड्रिक्सनचा वाटा केवढा ते बघा.

१७४ची आई:

१३३चे बाबा, तुमचा प्रश्न वाचला आणि रात्री झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मुलगा मिडवेस्टमधल्या एका मध्यम दर्जाच्या संघात होता. कॉलेजचं नाव लिहीत नाही. २०१९च्या शरद ऋतूत दाखल झाला. पहिलं वर्ष रेडशर्ट, म्हणजे सराव रोजचा, पण संघासाठी लढायचं नाही. दुसऱ्या वर्षी त्याच्यापुढे एक सीनियर होता. तो गेला की जागा याची, हे कोचने आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सांगितलं होतं. २०२१च्या मे महिन्यात मुलाचा फोन आला. ‘आई, १७४ला एक ग्रॅड ट्रान्सफर येतोय.’ म्हणजे पदवी घेऊन कॉलेज बदलणारा. त्या वर्षी कोविडमुळे सगळ्यांना एक जादा हंगाम मिळाला होता, त्यामुळे तेवीस-चोवीस वर्षांचे तयार गडी बाजारात होते. एकोणीस-वीस वर्षांचं पोर त्यांच्यापुढे काय टिकणार? रेसल-ऑफला, म्हणजे संघातली जागा ठरवणाऱ्या आपसातल्या कुस्तीत, माझा मुलगा सरळ हरला.

पण मला माझ्या मुलाच्या दुःखाबद्दल लिहायचं नाहीये. संघाचं काय झालं ते सांगायचं आहे, कारण गुणतक्त्यात ते कुठेच दिसत नाही.

कुस्तीत जागा दहा. फुटबॉलसारखं एका जागेवर दोघांना आलटून पालटून उतरवता येत नाही. १७४ला एक आला की तिथला एकतर खाली बसतो, नाहीतर वजन बदलतो. माझा मुलगा १८४ला गेला. तिथे जो होता तो त्याच महिन्यात पोर्टलमध्ये गेला. तो गेला म्हणून १९७च्या मुलाची रोजची जोड तुटली, कारण इतकी वर्षं ते दोघंच एकमेकांशी भिडायचे. पैलवान डाव कोचकडून शिकतो, पण तो अंगात मुरतो जोडीदारामुळे. रोज तेच शरीर, तीच ताकद, तुमचा डाव आधीच ओळखणारा माणूस. एक आला आणि तिन्ही वजनांची घडी विस्कटली.

दुसरी गोष्ट पैशांची. तेव्हा पूर्ण संघाला मिळून ९.९ शिष्यवृत्त्या. तीसेक मुलांत त्याचे तुकडे. ट्रान्सफरला मोठा तुकडा द्यावा लागतो, तो निघतो हायस्कूलमधून येणाऱ्यांच्या वाट्यातून. आमच्या कोचने दोन वर्षं नवीन मुलं कमी घेतली. ट्रान्सफर एक हंगाम लढून गेले, आणि तिसऱ्या वर्षी १५७ला उभं करायला माणूसच नव्हता. दोन संघांच्या लढतीत रिकाम्या वजनाचे समोरच्याला सहा गुण, चितपट झाल्यासारखेच. आम्ही पालक पहिल्या रांगेत बसलेलो आणि पंच समोरच्या मुलाचा हात वर करतोय, आपल्या बाजूला कुणीच नाही. ते दृश्य मी विसरले नाही.

आता त्या ट्रान्सफर मुलाविषयीही खरं लिहायला हवं. तो फार चांगला होता. वरून दाबून ठेवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. माझ्या मुलाला सरावात दोन-दोन मिनिटं उठू द्यायचा नाही, आणि मग स्वतःच थांबून सांगायचा, नितंब आधी सोडव, हात नंतर. पुढच्या हंगामात मुलगा परत १७४ला आला तेव्हा रायडिंग टाइमच्या, म्हणजे समोरच्याला जास्त वेळ वरून दाबून ठेवल्याच्या, एका गुणावर त्याने ज्या कुस्त्या काढल्या, त्या सगळ्या या ट्रान्सफर मुलाच्या शिकवणीच्या होत्या. माझा राग त्या पोरावर कधीच नव्हता. राग आहे तो टेबलाशी बसून दिलेला शब्द फिरला आणि तसा फोनसुद्धा कोचने स्वतः केला नाही, याचा.

बदली_केलेला:

ताई, तुमचं पटलं, पण दुसऱ्या बाजूनेही बोलतो. मी स्वतः ट्रान्सफर आहे. माझ्या पहिल्या कॉलेजात १२५ला माझ्यापुढे दोघं होते आणि दोघंही माझ्याच वर्षाचे. पोर्टल नसतं तर मी चार वर्षं त्यांचा सरावाचा बाहुला झालो असतो. लहान कॉलेजात गेलो, तीन हंगाम लढलो. म्हणजे ओघ फक्त वर जात नाही, खालीही येतो, आणि लहान संघांना मोठ्या संघाच्या सरावखोलीत घडलेला पैलवान मिळतो.

शिवाय स्टॅनफर्ड आठवा. २०२० साली कॉलेजने कुस्ती बंद करायचं जाहीर केलं. शेन ग्रिफिथने २०२१मध्ये कॉलेजचं नाव नसलेल्या काळ्या पोशाखात १६५चं विजेतेपद जिंकलं, आणि त्या वसंतातच निर्णय मागे घेतला गेला. पुढे तो मिशिगनकडून लढला. संघच बुडायला निघाला तर मुलांना जायला वाट नको का?

फक्त एक. अभ्यास बघा. माझे नऊ क्रेडिट नव्या कॉलेजने धरले नाहीत, उन्हाळ्याचे दोन वर्ग करावे लागले तेव्हा कुठे पात्र झालो.

१३३चे बाबा:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, १५७चं वाचून गळा दाटून आला. आता तुमच्याच अनुभवावरून विचारतो. कॉलेज बघायला जाऊ तेव्हा कोचला नेमकं काय विचारू? आणि आता शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली म्हणतात, त्याने फरक पडेल?

१७४ची आई:

२०२५च्या जूनमध्ये कॉलेज खेळाडूंच्या खटल्यात कोर्टाने जी तडजोड मंजूर केली, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना ९.९ची मर्यादा राहिली नाही, पण संघात ३० मुलांची मर्यादा आली. माझ्या मते ट्रान्सफरचा धक्का यामुळे जास्त लागेल. पूर्वी ट्रान्सफर आला की माझ्या मुलासारखा निदान सरावखोलीत राहायचा. आता तिसावा आला की एकतिसाव्याला खोलीच सोडावी लागेल. तुम्हाला विचारणारी दोन्ही कॉलेजं त्यात आहेत की नाहीत, हे पहिल्यांदा विचारा.

मग कोचला सांगा, गेल्या चार वर्षांत १३३ला आणि १४१ला दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव सांगा आणि तो आज कुठे आहे ते सांगा. जुनी यादी संघाच्या वेबसाइटवर असते, आदल्या रात्री स्वतः काढून ठेवा. तुमच्याकडच्या यादीतलं एखादं नाव कोचने गाळलं, तर ते नाव तुम्ही घ्या आणि चेहऱ्याकडे बघा. आणि मुलाला एक दिवस तिथल्या सरावाला बसू द्या. स्टार्टर, म्हणजे संघासाठी लढणारा पहिला मुलगा, काय करतो ते बघायची गरज नाही. त्या वजनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाशी कोण बोलतं, सराव संपल्यावर त्याला कुणी डाव समजावत थांबतं का, ते बघायला सांगा.

१३३चे बाबा:

लहान कॉलेजची भेट येत्या शनिवारी आहे. याद्या आत्ताच काढायला बसलोय. १४१ला २०२२ साली आलेले तिघे दिसताहेत, त्यातले दोघे अजून तिथेच आहेत. तिसऱ्याचं विचारतो.