मदत हवी आहे: लग्नाच्या एडिटिंगला कुठला प्रोसेसर?

मंडळी, मी खानापूरला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. जुना चार कोअरचा आय-५ आता दमलाय. परवा रात्री एक्स्पोर्ट लावून झोपलो, पहाटे करंट गेला, सगळं परत पहिल्यापासून!

एएमडीचा रायझन ७ ९७००एक्स की इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के? रायझनला ८ कोअर, १६ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), टीडीपी (वीज-उष्णतेचा ठरलेला आकडा) ६५ वॅट. त्याचं एएम५ सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) २०२७ पर्यंत तरी चालवणार असं एएमडी म्हणते. इंटेलला २० कोअर, हायपर-थ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) नाही, बेस पॉवर १२५ वॅट. पण माझ्या कॅमेऱ्याचं १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (जास्त रंग-माहिती ठेवणारं, कॉम्प्रेस केलेलं) फुटेज इंटेलचं क्विक सिंक (चिपमधलाच व्हिडिओसाठीचा भाग) थेट डिकोड करतं, तिथंच मन अडकतं. डीडीआर५ रॅम दोन्हींना लागतेच.

बेळगाव-निपाणीकडं कोणी वापरतंय का? टाइमलाइन अडकते का? यूपीएस केवढा लावलात? तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, त्याआधी घ्यायचाय.