शंभरपर्यंत पाठ आहे, पण पाच दे म्हटलं तर?

तीन वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत अंक पाठ आहेत, आता अबॅकसचा क्लास लावावा का, या प्रश्नावर वर बहुतेकांनी 'घाई नको' म्हटलंय. ते पटलंच. पण अंक म्हणता येणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं, हा मुद्दा राहिला. आमच्या सांगलीकडे घरात बेदाणे असतातच. मूठभर पुढ्यात ठेवा आणि 'मला पाच दे' म्हणा. धडाधड अंक म्हणणारी पोरंही ओंजळ भरून देतात! मोजताना शेवटी आलेला अंक म्हणजेच एकूण संख्या, हे साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास उमगतं.

पुतणी चार वर्षांची. सहा-सहा बेदाण्यांच्या दोन ओळी मांडल्या आणि तिच्यादेखत एक ओळ पसरवली. लगेच लांब ओळीवर बोट, 'हे जास्त!' जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हेच दाखवलं होतं. सहा-सात वर्षांपर्यंत बरीच मुलं असंच म्हणतात. तेव्हा 'चुकलं' म्हणून डाफरू नका. त्यापेक्षा जेवायची पानं घ्यायला लावा, माणशी एक वाटी, एक भांडं. कमी पडलं की पोरगं आपसूक स्वयंपाकघरात पळतं. आजी जवळ असेल तर उत्तमच, फक्त तिने मध्येच उत्तर सांगू नये (सांगतेच!).