डीएमई : इतक्या विमानांत आपलं उत्तर कसं ओळखतं?

निरभ्र : डीएमईचं, म्हणजे विमानाचं जमिनीवरच्या केंद्रापासूनचं अंतर मोजणाऱ्या रेडिओ उपकरणाचं, मूळ गणित कळलंय. विमान पल्सची जोडी पाठवतं, जमिनीवरचं केंद्र उत्तर देतं, लागलेल्या वेळावरून अंतर. पण एका केंद्राला सगळी विमानं एकाच फ्रीक्वेन्सीवर विचारतात आणि उत्तरंही एकाच फ्रीक्वेन्सीवर येतात. मग आपलं कुठलं? आणि केंद्राच्या डोक्यावर असताना आकडा शून्यावर का येत नाही?

पल्सजोडी : उत्तरात विमानाचा पत्ता वगैरे काही नसतो. एक्स चॅनेलवर (डीएमई चॅनेलांचा एक प्रकार) केंद्र १२ मायक्रोसेकंद अंतराची जोडी ओळखतं, ५० मायक्रोसेकंद थांबतं आणि ६३ मेगाहर्ट्झ वर किंवा खाली तशीच जोडी सोडतं. खुबी विमानातल्या संचात आहे. तो दोन प्रश्नांमधला वेळ मुद्दाम वेडावाकडा ठेवतो. त्यामुळे प्रत्येक प्रश्नानंतर नेमक्या तेवढ्याच वेळाने येत राहतं ते उत्तर आपलं. इतरांची दर वेळी वेगळ्या जागी पडतात. शोध चालू असताना सेकंदाला १५० पर्यंत प्रश्न, एकदा पकड बसली की ३० किंवा त्याहून कमी.

हिशोब करून बघा. एका सागरी मैलाला जाऊन-येऊन १२.३६ मायक्रोसेकंद. उत्तर ४२०.८ ला आलं तर ५० वजा करा, उरलेल्या ३७०.८ ला १२.३६ ने भागा : ३० मैल. केंद्राचा थांबा १ मायक्रोसेकंदाने जरी सरकला तरी सगळ्यांचं अंतर सुमारे १५० मीटरने चुकतं, म्हणून त्यावर मॉनिटर कायम नजर ठेवून असतो.

तिरकीरेषा : दुसरा प्रश्न सोपा आहे. मोजलं जातं ते तिरकं अंतर. ३०,००० फुटांवर थेट डोक्यावर असाल तर आकडा ४.९, कारण तेवढी उंचीच आहे. जमिनीवरून ३ मैल दूर असाल तर ५.८ दिसेल. ३० दिसत असताना मात्र खरं अंतर २९.६, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा फरक.

निरभ्र : मग जवळ येताना डीएमईवर दिसणारा ग्राउंड स्पीड (जमिनीच्या सापेक्ष वेग) घसरतो तोही यामुळेच?

तिरकीरेषा : हो. तो तिरकं अंतर किती झपाट्याने बदलतंय यावरून काढतात. डोक्यावर तो शून्याकडे जातो. केंद्राभोवती गोल फिरत असाल तरी तसंच. थेट केंद्राकडे किंवा केंद्रापासून दूर आणि बऱ्यापैकी लांबून उडताना मिळेल तोच आकडा धरा.

पल्सजोडी : गर्दीचंही सांगतो. केंद्र सेकंदाला साधारण २७०० जोड्यांपर्यंतच उत्तरं देतं. प्रश्न त्याहून वाढले की ते रिसीव्हरची संवेदनशीलता कमी करतं, आणि लांबच्या, क्षीण सिग्नलच्या विमानांची पकड आधी सुटते. पकड सुटल्यावर बरेच संच सुमारे १० सेकंद जुन्या गतीने आकडा पुढे चालवत राहतात, मग रेघा येतात. तो आकडा मोजलेला नसतो.

आयडेंट, म्हणजे केंद्राची ओळख सांगणारा मोर्स संकेत, ऐकायची सवय ठेवा. डीएमईचा सूर १३५० हर्ट्झ, व्हीओआरचा (डीएमईच्या जोडीला असणाऱ्या, दिशा सांगणाऱ्या रेडिओ केंद्राचा) १०२०. अर्ध्या मिनिटाने एकदाच फक्त १३५० चा सूर ऐकू येत असेल, तर डीएमई चालू आहे पण व्हीओआर बंद. आणि 'होल्ड' (डीएमईला आधीच्या फ्रीक्वेन्सीवर धरून ठेवणारं बटण) दाबून ठेवला असेल तर नवी फ्रीक्वेन्सी लावूनही अंतर जुन्याच केंद्राचं दिसतं. ही चूक सगळ्यात फसवी, कारण आकडा अगदी व्यवस्थित चालू असतो.